एमआरआय नॉर्मल, तरी डोकं हलतंच राहतं: मेंदूत काय चाललेलं असतं?

प्रश्न, थोडक्यात: वय ४१, राहणार सोलापूर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम. दहा महिन्यांपूर्वी अचानक जोरात गरगरलं, उलट्या झाल्या, तीन दिवस अंथरुणातून उठता आलं नाही. ते थांबलं. पण तेव्हापासून रोज डोकं हलल्यासारखं वाटतं, पाय गादीवर पडल्यासारखे वाटतात. आडवं पडलं की बरं असतं. उभं राहिलं, मागासमोर गेलं किंवा नव्या पेठेच्या गर्दीत शिरलं की वाढतं. मेंदूचा एमआरआय आणि कानाच्या तपासण्या नॉर्मल. मानेच्या एक्स-रेत ‘गॅप’ आहे म्हणून पट्टा दिलाय. एका डॉक्टरांनी ‘टेन्शनचं आहे’ म्हणून सोडून दिलं. मेंदूचं काम कसं चाललंय ते दाखवणारा फंक्शनल एमआरआय पुण्या-मुंबईकडे होतो म्हणे. करून घ्यावा का? आणि मेंदूत नक्की बिघडलंय काय?

उत्तर:

स्कॅनचं आधी सांगतो, कारण त्यात पैसे जाणार आहेत. करू नका. तुमच्यासारख्या रुग्णांचा फंक्शनल एमआरआयवर अभ्यास झालेला आहे आणि त्यातून बरंच कळलंय, पण ते सगळं गटाच्या सरासरीचं ज्ञान आहे. काही रुग्णांची सरासरी एका बाजूला, निरोगी माणसांची दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींत फरक दिसतो. एकट्या माणसाचा स्कॅन बघून ‘याला हा आजार आहे’ असं आज कुणालाही सांगता येत नाही. हातात रंगीत ठिपक्यांचा कागद येईल आणि तो बघून काळजी तेवढी वाढेल.

तुमचं वर्णन वाचून डोळ्यांसमोर पहिलं नाव येतं ते पर्सिस्टंट पोश्चरल-पर्सेप्च्युअल डिझिनेस, म्हणजे पीपीपीडी. बारानी सोसायटी या तोल आणि चक्कर यांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये त्याचे निकष प्रसिद्ध केले. (संस्थेला ज्यांचं नाव आहे त्या रॉबर्ट बारानींना कानातल्या तोलाच्या यंत्रणेवरील कामासाठी १९१४चं नोबेल मिळालं होतं.) जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीतही तो आहे. निकष साधे आहेत. तीन महिने किंवा जास्त काळ, बहुतेक दिवशी, हलल्यासारखं किंवा तोल जातोय असं वाटणं. उभं राहिल्यावर, स्वतः हलल्यावर किंवा रिक्षा-बसमध्ये हलवलं गेल्यावर, आणि डोळ्यांसमोर हलतं किंवा गिचमिड दृश्य असल्यावर ते वाढणं. सुरुवात कानाच्या झटक्याने, एखाद्या आजारपणाने किंवा मोठ्या मानसिक धक्क्याने झालेली असणं. आणि रोजच्या जगण्यात अडथळा येणं. शिवाय दुसऱ्या कुठल्या आजाराने हे सगळं जास्त चांगलं समजावता येत नसलं पाहिजे. पण ‘काहीच सापडलं नाही, म्हणून हे’ असं हे निदान नव्हे. लक्षणांची घडण नीट विचारली की ते समोर येतं. तपासल्याशिवाय मी ते तुमच्यावर शिक्क्यासारखं मारणार नाही, पण पुढचं सगळं ते गृहीत धरून लिहितोय.

आता मेंदूकडे वळू. त्यासाठी आधी कानात डोकवावं लागेल. दोन्ही कानांत आत तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोकं वळल्याचं सांगतात. त्यांच्या शेजारच्या दोन पिशव्या सरळ रेषेतली हालचाल आणि गुरुत्वाकर्षण ओळखतात. इथून निघणारी नस आपण स्वस्थ बसलेलो असतानाही गप्प नसते. माकडांमध्ये मोजलं तर एकेका तंतूतून सेकंदाला सरासरी ९०च्या आसपास संदेश जातात. दोन्ही बाजूंची आवक सारखी असली की मेंदू समजतो, आपण स्थिर आहोत. डोकं डावीकडे वळवलं की डावीकडची आवक वाढते, उजवीकडची घटते. तुम्हाला दहा महिन्यांपूर्वी जे झालं ते बहुधा या नसेचा दाह, व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस. एक बाजू एकदम गप्प झाली आणि माणूस अंथरुणात पडलेला असतानाच मेंदूला वाटायला लागलं की आपण दुसऱ्या बाजूला गरगरा फिरतोय.

हा हिशेब मेंदू काही दिवसांत जुळवायला लागतो. मेंदूच्या देठातली केंद्रं आणि लहान मेंदू मिळून दोन्ही बाजूंची आवक नव्याने सारखी करतात. तोपर्यंतच्या काळासाठी मात्र तो आणीबाणी जाहीर करतो: कानाची बातमी खात्रीची नाही, तेव्हा डोळ्यांवर आणि तळपायांवर भिस्त ठेवा, पावलं छोटी टाका, मान वळवू नका, प्रत्येक हालचालीवर लक्ष ठेवा. त्या आठवड्यांत हे सगळं योग्यच असतं. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा माणूस बघा. उंच, जड काठी तोलताना त्याचं सगळं अंग आणि सगळं लक्ष त्या एकाच कामात गुंतलेलं असतं. आपलं रोजचं चालणं तसं नसतं, ते आपल्याला न विचारता होतं. पीपीपीडीत कानाचा झटका ओसरतो, आवक पुन्हा जुळते, पण आणीबाणी उठत नाही. माणूस सात रस्ता चौकातून रिकाम्या हाताने चाललेला असतो आणि मेंदू मात्र नंदीध्वज पेलत असल्यासारखा त्याला चालवत असतो.

हे नुसतं म्हणणं नाही, मोजता येतं. अशा रुग्णांना तोल मोजणाऱ्या पाटावर उभं केलं तर साध्या उभं राहण्यातही पिंडरीचे पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी ताणलेले सापडतात आणि शरीराचं डोलणं बारीक पण भराभर होतं. गंमत म्हणजे काम अवघड केलं, उदाहरणार्थ मऊ फोमवर उभं राहायला सांगितलं, तर ते निरोगी माणसाच्या जवळपास येतात. आणि उभं असताना मनातल्या मनात हिशेब करायला लावला, लक्ष दुसरीकडे गेलं, की त्यांचं डोलणं सुधारतं. कान किंवा नस खरोखर निकामी झालेल्या माणसाचं असं होत नाही. माझ्या ओपीडीत ही साधी चाचणी मी रुग्णासमोर, त्याच्या घरच्यांना बघायला बोलावून करतो. कुठल्याही रिपोर्टपेक्षा ती जास्त पटते.

डोळ्यांचा भाग तुमच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. दृष्टीसाठी मेंदूत मागच्या बाजूला स्वतःचा वेगळा इलाखा असतो, तोलाला तसा स्वतंत्र इलाखा नाही. कानाचे संदेश मेंदूच्या बाजूच्या खोल घडीत, इन्सुला नावाच्या भागाच्या मागच्या टोकाला आणि त्याच्या शेजारी पोचतात, आणि तिथेच डोळ्यांची, सांध्यांची, त्वचेची बातमीही येऊन मिसळते. जर्मनीत म्युनिकचे मेंदूविकारतज्ज्ञ ब्रांट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पेट स्कॅन, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणारी तपासणी, वापरून एक सुरेख गोष्ट दाखवली. निरोगी माणसांसमोर फिरत्या ठिपक्यांचं मोठं दृश्य ठेवलं की त्यांना आपणच फिरतोय असं वाटायचं. त्या वेळी दृष्टीचा इलाखा जागा व्हायचा आणि कानाच्या बातमीचा भाग मंदावायचा. म्हणजे या दोन यंत्रणा एकमेकींना दाबतात. ज्या क्षणी जिची बातमी जास्त भरवशाची, तिचं ऐकायचं, अशी ती सोय आहे. फलाटावर आपली गाडी उभी असते, शेजारची हलते आणि आपणच निघालो असं वाटतं, तेव्हा हेच घडतं. निरोगी मेंदू क्षणात भानावर येतो.

पीपीपीडीत पारडं डोळ्यांकडे झुकलेलंच राहतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीर्घकाळ चक्कर असलेल्या रुग्णांना स्कॅनरमध्ये झोपवून कानात मोठ्या आवाजाचे छोटे टणत्कार दिले. अशा आवाजाने आतल्या कानाचा तोलाचा भाग उत्तेजित होतो. निरोगी माणसांच्या तुलनेत रुग्णांचा कानाच्या बातमीचा तो इन्सुलाजवळचा भाग कमी जागा झाला. त्याबरोबर हिप्पोकॅम्पस, म्हणजे आपण जागेत कुठे आहोत याचा नकाशा ठेवणारा भाग, आणि पुढच्या बाजूचे काही भागही कमी जागे झाले. ते पुढचे भाग संवेदनेला ‘हे धोक्याचं, हे नेहमीचं’ असा अर्थ लावतात. या भागांचा आपसातला ताळमेळही बदललेला होता. नंतरच्या एका प्रयोगात स्कॅनरमध्ये रोलर कोस्टरचं दृश्य दाखवलं. ज्या रुग्णांना रोजच्या जगण्यात चक्करचा त्रास जास्त, त्यांचा दृष्टीचा इलाखा त्या दृश्याला जास्त प्रतिसाद देत होता. काहीही न करता नुसतं पडून असताना केलेल्या स्कॅनमध्येही असंच चित्र बऱ्याचदा येतं: तोलाच्या भागांची एकमेकांशी जोडणी सैल, आणि दृष्टीच्या भागांची पुढच्या, लक्ष ठेवणाऱ्या भागांशी जोडणी घट्ट.

म्हणून तुमच्या मागासमोर वाढतं. ताण्याचे शेकडो धागे वरखाली होतात, फणी पुढे-मागे आदळते, कापड सरकतं, आणि तुम्ही त्याकडे एकटक बघत उभे असता. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यांतून येणाऱ्या माझ्या रुग्णांत ही तक्रार नेहमीची आहे. चादरीच्या चौकड्यांच्या थप्प्यांकडे बघूनही काहींना होतं. कापड दुकानात, मॉलच्या फरशीवर, मोबाइल भराभर सरकवताना होतं, ते याच कारणाने. डोळ्यांनी आणलेली हालचालीची प्रत्येक बातमी तुमचा मेंदू ‘मी हललो’ अशी वाचतो.

या संशोधनाचं कौतुक करताना त्याचं दुबळेपणही बघायला हवं. बहुतेक अभ्यासांत रुग्ण मोजके आहेत आणि निष्कर्ष एकमेकांशी नेहमी जुळत नाहीत. फंक्शनल एमआरआय मेंदूचे विद्युत संदेश पाहतच नाही, तो रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल मोजतो, आणि तो बदल संदेशानंतर काही सेकंदांनी येतो. सगळ्यात मोठी अडचण तर तुम्हीच लिहिली आहे: आडवं पडलं की बरं असतं. स्कॅनरमध्ये माणूस आडवा, डोकं बांधलेलं. आजार असतो उभ्या, चालत्या माणसात. शिवाय दिसलेला फरक आजाराचं कारण आहे, दहा महिने जपून जपून वागल्याचा परिणाम आहे की मुळातल्या काळजीखोर स्वभावाची खूण आहे, हे एका वेळच्या फोटोतून सुटत नाही. काही गटांनी निरोगी माणसंही तशाच स्वभावाची निवडून हा गुंता थोडा सोडवला, पण पूर्ण नाही. मी या सगळ्याचा एवढाच अर्थ घेतो की मेंदूत गाठ, झीज किंवा जखम नाही. कुणाचं किती ऐकायचं हे ठरवण्याची सवय बदलली आहे, आणि ही सवय पुन्हा बदलता येते.

‘टेन्शनचं आहे’ या शेऱ्याबद्दल. हा घोळ जुना आहे. १८७०च्या दशकात बर्लिनमध्ये वेस्टफाल या डॉक्टरांनी मोकळे चौक ओलांडताना घाबरणाऱ्या, भोवळ आल्यासारखं वाटणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं. त्यात तोल, नजर आणि भीती तिन्ही एकत्र गुंफलेली होती. पुढे कान आमच्याकडे आला, भीती मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली, आणि मधला रुग्ण दोन्हीकडून परत पाठवला जाऊ लागला. काळजीने हा आजार वाढतो हे खरं, कारण धोका ओळखणारे भाग आणि तोलाचे भाग मेंदूत शेजारी आहेत आणि एकमेकांशी बोलतात. पण पीपीपीडीच्या अनेक रुग्णांना चिंतेचा किंवा नैराश्याचा वेगळा आजार नसतोच. तेव्हा तुम्ही सोंग करत नाही आणि वेडेही होत नाही. घरी मिसेसना हा परिच्छेद वाचून दाखवा. बाहेरून धडधाकट दिसणारा माणूस दहा महिने त्रास सांगतोय, हे घरच्यांना सोसणं अवघड असतं, आणि त्यातून निघणारे टोमणे आजाराला खतपाणी घालतात.

मानेच्या पट्ट्यावर माझं मत कडक आहे. चाळिशीनंतर बऱ्याच जणांच्या एक्स-रेत मणक्याची थोडी झीज दिसते. चक्कर आली की मानेचा एक्स-रे, त्यात ‘गॅप’, मग पट्टा, ही आपल्याकडची रूढ वाट आहे, आणि तुमच्यासारख्या चित्रात ती बहुतेक वेळा चुकीच्या गावाला जाते. पट्ट्याने मान हलायची थांबते, आणि मान हलल्याशिवाय मेंदूला कानावर पुन्हा विश्वास ठेवायला शिकवता येत नाही. हाताला मुंग्या, हातातली ताकद कमी असं काही नसेल तर पट्टा देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून तो काढायचं बघा.

‘चक्करची गोळी’ चालू असेल तर तिचं नाव तपासा. सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन या गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या गरगरण्यासाठी आहेत. महिनोन्महिने घेतल्या तर त्या मेंदूची भरपाईची प्रक्रिया मंदावतात, आणि वय झालेल्यांमध्ये कंप, हालचालीतला संथपणा असा पार्किन्सनसारखा त्रास आणू शकतात. असे रुग्ण मी पाहतो, गोळी बंद केल्यावर त्यातले बरेच हळूहळू सुधारतात. बेटाहिस्टिन तितकी त्रासदायक नाही, पण पीपीपीडीवर ती चालते याला आधार नाही.

काही गोष्टी आधी वगळल्या पाहिजेत, त्या भराभर सांगतो. कुशीवर वळताना किंवा अंथरुणातून उठताना काही सेकंद गरगरत असेल तर कानातले खडे सरकलेले असू शकतात. पाठीवर झोपवून मान वळवून केलेल्या डिक्स-हॉलपाइक चाचणीत ते कळतं आणि डोकं ठरावीक क्रमाने वळवण्याच्या एप्ली पद्धतीने बहुतेकदा टेबलावरच बरं होतं. हे पीपीपीडीच्या जोडीलाही असतं आणि सुटून जातं. डोकेदुखी, उजेड-आवाज सहन न होणं यांच्यासोबत चक्करचे झटके येत असतील तर मायग्रेन. अंधारात आणि खडबडीत वाटेवर फारच तोल जातो, चालताना समोरचं दृश्य उड्या मारतं, आणि पूर्वी जेंटामायसिन या प्रतिजैविकाची इंजेक्शनं झालीत, असं असेल तर दोन्ही कान निकामी झालेले असू शकतात, त्याचे उपचार वेगळे. उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो का, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ हे बघून घ्या. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पाणी कमी पडूनही अंधारी येते. आणि कधीही अचानक दोन-दोन दिसलं, बोबडी वळली, एक बाजू लुळी पडली, एका कानाचं ऐकू येणं एकदम गेलं किंवा उभंच राहता येईना, तर हे सगळं बाजूला ठेवून तातडीने इस्पितळ गाठायचं.

आता उपचार. मुख्य उपचार व्यायामाचा, व्हेस्टिब्युलर रिहॅबिलिटेशन. याची मुळं १९४०च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये आहेत. कॉथॉर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की जे रुग्ण लवकर हालचाल करायला लागतात ते लवकर सुधारतात. पीपीपीडीत त्याची मात्रा मात्र बेताने वाढवावी लागते. इथेच बहुतेकांचं फसतं. पहिल्या दिवशी जोशात तासभर करतात, दोन दिवस पडून राहतात आणि ‘व्यायामाने वाढलं’ म्हणून सोडतात. माझा नियम असा: व्यायामाने चक्कर थोडी वाढलीच पाहिजे, नाहीतर मेंदू काही शिकत नाही, पण ती १५-२० मिनिटांत पूर्वपदावर आली पाहिजे. येत नसेल तर मात्रा अर्धी करायची.

सुरुवात भिंतीवर चिकटवलेल्या अक्षरावर नजर ठेवून मान डावी-उजवीकडे हलवण्याने करा, बसून, मग उभ्याने, मग चालत. पावलांकडे बघणं सोडा, नजर समोर. दातओठ खाऊन तोल सावरण्याऐवजी चालताना कुणाशी तरी गप्पा मारा, पाढे म्हणा. लक्ष दुसरीकडे गेल्यावर अंग सैल पडतं, हे वर सांगितलंच. डोळ्यांसाठी वेगळा सराव: मोबाइलवर सरकत्या पट्ट्यांचे व्हिडिओ, आधी लहान पडद्यावर बसून, नंतर टीव्हीवर उभ्याने. मग खरी जागा. सकाळी शांत वेळेला सिद्धेश्वर तलावाकाठी फेरी, पुढे नवी पेठ दुपारच्या निवांत वेळी, आणि शेवटी संध्याकाळच्या गर्दीत. मागासमोर जाणंही असंच, पण तिथे घाई नको. आधी बंद मागासमोर, मग चालू मागापासून लांब उभं राहून काही मिनिटं, मध्ये नजर भिंतीवर नेऊन. फिरत्या यंत्रात हात घालायचं काम, शिडी, माळा हे सगळं तोल नीट येईपर्यंत टाळा. मुकादमाशी बोलून काही काळ तपासणी किंवा घडी-पॅकिंगच्या कामावर बदली मिळते का बघा. घरी बसून राहण्यापेक्षा ते कितीतरी बरं. फरक जाणवायला काही आठवडे लागतात, चांगला फरक पडायला तीन ते सहा महिने धरा.

औषधांत सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारखी औषधं वापरतात. ती नैराश्याची म्हणून ओळखली जातात, त्यामुळे दुकानदाराने सांगितलं की रुग्ण घाबरून बंद करतात. तोलाच्या आणि धोका ओळखण्याच्या मार्गांवर सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचं काम चालतं, म्हणून ती नैराश्य नसलेल्या रुग्णालाही देतात. फार थोड्या मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवायची, आठ ते बारा आठवडे थांबायचं, आणि उपयोग झाला तर साधारण वर्षभर चालू ठेवायची. पुरावा किती भक्कम? २०२३ मध्ये उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने आढावा घेतला तेव्हा पीपीपीडीत खोट्या गोळीशी तुलना करून घेतलेली एकही योग्य औषधचाचणी त्यांना सापडली नाही. जे आहे ते अशी तुलना न करता केलेल्या अभ्यासांतून आणि आमच्या अनुभवातून. म्हणून मी सगळ्यांना औषध देत नाही. व्यायाम सुरू करण्याइतकंही जमत नाही किंवा जोडीला चिंता, झोपमोड आहे, तिथे देतो. ही औषधं मनाने एकदम बंद करायची नाहीत. अचानक थांबवली तर त्यानेच चक्कर येते, आणि रुग्णाला वाटतं आजार उलटला. बोलून करायचे मानसोपचार, विशेषतः आजार सुरू होऊन फार दिवस झालेले नसताना, व्यायामाच्या जोडीला चांगले ठरतात. ‘आता पडेन’ या विचाराची आणि अंग आवळण्याची सांगड त्यात सोडवतात.

रोज चक्कर किती होती याची वही ठेवत असाल तर बंद करा, त्याने स्वतःवरचा पहारा वाढतो. त्याऐवजी आज काय केलं ते लिहा: किती चाललो, कुठे गेलो, मागासमोर किती वेळ थांबलो. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही, आतापर्यंतच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि कानाच्या तपासण्यांचे कागद न्या. एमआरआयची मोठी फिल्म घरी राहिली तरी चालेल, रिपोर्टचं एक पान पुरे. दुचाकीचं विचाराल तर गर्दीच्या रस्त्यावर मान वळवून मागे बघताना भिरभिरत नाही अशी खात्री होईपर्यंत मागच्या सीटवर बसा.